मुलांना स्वतःची मूल्यं सापडावीत म्हणून : पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांत तीसेक वर्षं शिकवलं. निम्मी वर्षं माण-खटावकडे, निम्मी सातारा शहराच्या आसपास. आता रविवारी सकाळी गल्लीतली पोरं घरी जमतात. वाचतात, भांडतात, पोहे खातात. त्यांना न्यायला आलेले आईवडील दारात चपला घालता घालता जे विचारतात, ते प्रश्न इथे एकत्र केलेत. उत्तरं माझ्या अनुभवाची आहेत. जिथे कुणाच्या संशोधनाचा आधार आहे, तिथे तसं सांगितलंय.

मूल्यं म्हणजे संस्कारच ना?

जवळचे नातेवाईक आहेत, पण एक नव्हेत. तिन्हीसांजेला शुभंकरोती म्हणणं, मोठ्यांच्या पाया पडणं, ताटात न टाकणं हे संस्कार. ते आपण देतो आणि मूल घेतं, कधी आनंदाने, कधी धपाटा खाऊन. मूल्य मात्र काहीतरी पदरचं सोडायची वेळ आली की दिसतं.

खटाव तालुक्यात असताना चौथीतली एक मुलगी होती. अक्षर गचाळ, परिपाठाला रोज उशिरा. केंद्राच्या खो-खो सामन्यात शेवटच्या मिनिटाला पाठलाग करणारीचा हात तिला लागला. पंचांना दिसलं नाही. हिनेच हात वर केला, "मी बाद हाय." आम्ही हरलो. तिच्या संघातल्या मुली दोन दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत आणि खरं सांगायचं तर माझाही चेहरा पडलाच होता. खरेपणावरचे सुविचार फळ्यावर सुंदर अक्षरात लिहिणाऱ्या मुली त्याच संघात होत्या. त्या दिवसापासून फळ्यावरच्या सुविचारावरचा माझा विश्वास जरा कमी झाला.

कितव्या वर्षापासून सुरुवात करावी?

सवयी पहिल्यापासून लावा. 'का'ची चर्चा सातआठ वर्षांनंतर.

ज्यां पियाजे हे स्विस मानसशास्त्रज्ञ मुलांना दोन गोष्टी सांगत. एका मुलाने जेवायला येताना दार ढकललं. दारामागे ट्रे होता हे त्याला माहीत नव्हतं, आणि पंधरा कप फुटले. दुसऱ्याने आई बाहेर गेलेली पाहून कपाटातला मुरंबा चोरायला हात घातला आणि एक कप फुटला. जास्त वाईट कोण वागलं? लहान मुलं बहुतेक पहिल्याचं नाव घेत, कारण पंधरा कप. मोठी होतील तशी ती हेतू बघायला लागत. पियाजेंनी हे १९३२ मध्ये प्रसिद्ध केलं. मी आमच्या पहिलीच्या आणि पाचवीच्या पोरांना हीच गोष्ट कपांऐवजी बशा घालून सांगितली होती. पहिलीतल्या एकाने आधी विचारलं, "बशा कुणाच्या होत्या?" पाहुण्यांसाठी ठेवलेल्या असतील तर गुन्हा मोठा, असं त्याचं म्हणणं. घरी काय चालतं ते लगेच कळलं!

म्हणून पाच वर्षांच्या पोराला प्रामाणिकपणावर भाषण देऊ नका. तो कप मोजतोय.

आमच्या मुलाचं मूल्य कोणतं, हे ओळखायचं कसं?

विचारून कळत नाही. "तुला काय महत्त्वाचं वाटतं?" असं विचारलंत तर "आईबाबा आणि अभ्यास" हे उत्तर मिळेल. मुलं हुशार असतात, आपल्याला काय ऐकायचंय ते त्यांना पक्कं ठाऊक असतं.

त्याला राग कशाचा येतो ते बघा. गोट्या खेळताना "चीटिंग हाय" म्हणून जो खेळ सोडून जातो, त्याला न्याय प्रिय आहे. जो चीटिंग सहन करतो पण लहान पोराला खेळायला घेतलं नाही म्हणून रुसतो, त्याची तार वेगळी आहे. दोघंही घरी येऊन रडतात आणि आपण दोघांनाही एकच सांगतो, "जाऊ दे, खेळात असं चालायचंच." इथेच आपण धागा तोडतो. त्यापेक्षा विचारा, "नेमकं काय खटकलं?" आणि मग गप्प बसा. पालकांना हे गप्प बसणंच सगळ्यात जड जातं.

दुसरी खूण म्हणजे पैसे. गावच्या जत्रेत पन्नास रुपये हातात द्या आणि कशावर खर्च करायचे ते सांगू नका. परत येताना हिशेब मागू नका, गंमत म्हणून ऐका. माझ्या एका विद्यार्थ्याने वीस रुपयांची पाळण्यातली एकच फेरी घेतली आणि तीस रुपयांचे पेढे आजीला आणले. त्याच्या सख्ख्या भावाने सगळे पैसे बंदुकीच्या फुग्यांवर उडवले, पण निम्म्या गोळ्या मित्राला मारू दिल्या. दोघांच्या आईला पहिला गुणी वाटला, दुसरा उधळ्या. मला दोघांतही काहीतरी दिसलं.

तिसरी खूण, न सांगता केलेलं काम. कुत्र्याला पाणी ठेवणं, वर्गातल्या नव्या मुलाशेजारी जाऊन बसणं, बिघडलेला पंखा उघडून बघणं. हो, पंखा उघडणं हेसुद्धा. 'हे असं का' याचा ध्यास हे मूल्यच आहे, पंखा परत जोडता आला नाही तरी.

दिसलं की त्याला नाव द्या, साध्या शब्दांत, एकदाच. "नव्या मुलाला डबा खाताना एकटं वाटू नये म्हणून तू गेलास ना?" बास. चार पाहुण्यांसमोर कौतुक करायला गेलात की ते त्याचं राहत नाही, तुमचं होतं.

शाळेत मूल्यशिक्षण असतंच की. मग घरी वेगळं कशाला?

असतं. राष्ट्रभक्ती, राष्ट्रीय एकात्मता, सर्वधर्मसहिष्णुता, स्त्री-पुरुष समानता, वैज्ञानिक दृष्टिकोन, श्रमप्रतिष्ठा, संवेदनशीलता, सौजन्यशीलता, नीटनेटकेपणा, वक्तशीरपणा. ही दहा मूल्यं शिक्षकांना झोपेत विचारली तरी पाठ म्हणून दाखवतील. यादी चांगली आहे. पण शाळेत ती परिपाठाच्या वेळी येते आणि घंटा झाली की जाते. मुलीने भांडी घासायची आणि मुलाने सायकल फिरवायची, हे घरी रोज होतं. मग 'स्त्री-पुरुष समानता' वहीत राहते, घरात येत नाही.

खोटं खूप बोलतो. मारून पाहिलं, फरक नाही.

मारून फरक पडतो, पण उलटा. कॅनडातल्या संशोधकांनी २०११ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या दोन बालशाळांची तुलना प्रसिद्ध केली. एका शाळेत चुकीला मार होता, दुसरीत नव्हता. मार असलेल्या शाळेतली तीनचार वर्षांची पोरं जास्त सफाईने खोटं बोलत आणि पुढचे प्रश्न विचारले तरी निभावून नेत. म्हणजे छडीने खोटं थांबलं नाही, त्याचा सराव झाला.

ज्याचं उत्तर तुम्हाला आधीच माहीत आहे तो प्रश्न विचारू नका. वहीवर शाई सांडलेली दिसत असताना "कुणी सांडली?" हा प्रश्न नसतो, सापळा असतो. "शाई सांडलीय, पुसायला फडकं आण" म्हणा. खरं बोलणं स्वस्त करा. पोराने स्वतः येऊन काचेची बरणी फुटल्याचं सांगितलं, तर त्या दिवशी बरणीचं दुःख गिळा. लोणच्याची असली तरी.

पण आम्हीच कधीकधी खोटं बोलतो…

'कधीकधी' म्हणालात, ठीक आहे. "पप्पा घरी नाहीत म्हणून सांग" हे तर सगळ्यांच्याच घरी होतं. मला एस.टी.तला प्रसंग जास्त आठवतो. पाच ते बारा वर्षांपर्यंत अर्धं तिकीट. वाई-सातारा गाडीत एक बाई तेरा वर्षांच्या मुलाला कंडक्टरसमोर अकराचा करत होत्या आणि तो मिसरूड फुटू लागलेला मुलगा खिडकीबाहेर बघत होता. २०२३ च्या मार्चपासून महिलांना एस.टी.त निम्मं तिकीट झालं, त्यामुळे मुलींचं वय आता खरं सांगितलं जातं. मुलांचं अजून नाही.

असं झालंच तर घरी गेल्यावर पोराशी बोला. "पंधरा-वीस रुपयांसाठी मी खोटं बोलले, मला नंतर बरं वाटलं नाही." आईने चूक कबूल केली म्हणून मान कमी होत नाही. मी स्वतः एकदा संपूर्ण वर्गाची माफी मागितली होती, चुकीच्या मुलाला शिक्षा केली म्हणून. ती मुलं आज चाळिशीत आहेत. भेटली की माझं गणित नाही, तेच काढतात.

चांगलं वागलं की स्टार, दहा स्टारला चॉकलेट. हे योग्य का?

दात घासण्यासाठी चालेल. मदत करणं, वाटून खाणं, खरं बोलणं यांसाठी चालवू नका.

स्टॅनफर्डच्या बालवाडीतला १९७३ चा प्रयोग प्रसिद्ध आहे. ज्यांना स्केचपेननी चित्रं काढायला मुळातच आवडत होतं, अशा काही मुलांना सांगितलं, चित्र काढलंत की सोनेरी तारा लावलेलं प्रशस्तिपत्रक मिळेल. मिळालंही. एक-दोन आठवड्यांनी पेनं पुन्हा ठेवली, तेव्हा बक्षिसाचं काहीच सांगितलं नव्हतं अशा मुलांच्या मानाने या मुलांनी निम्माच वेळ चित्रं काढली. पुढे २००८ मध्ये जर्मनीत वीस महिन्यांच्या बाळांबाबतही असंच दिसलं. पडलेली वस्तू उचलून दिल्यावर ज्यांना खेळणं मिळालं, ती नंतर कमी मदत करू लागली. ज्यांना काहीच मिळालं नव्हतं किंवा नुसते आभार मिळाले होते, ती आपली उचलून देतच राहिली.

आमच्याकडे सुगीत पोरं रानात जातात, शेंगा तोडतात, हळद वेचतात. तासाला किती रुपये, असं कुणी पोटच्या पोराशी ठरवत नाही. बांधावर सगळ्यांबरोबर भाकरी खाता येते, हे पुरतं.

कोणत्या गोष्टी सांगाव्यात?

'लांडगा आला रे आला' आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगतो आणि समजतो की पोर खोटं बोलायचं थांबेल. कॅनडातल्याच संशोधकांनी २०१४ मध्ये तीन ते सात वर्षांच्या मुलांवर हे तपासलं. लांडग्याच्या गोष्टीने काही फरक पडला नाही. फरक पडला तो लहानग्या जॉर्ज वॉशिंग्टनने चेरीचं झाड तोडल्याचं कबूल केलं आणि वडील खूश झाले, या गोष्टीने. भीतीपेक्षा खरं बोलल्यावर जवळ घेतलं जाणं मुलांना जास्त पटतं.

आपल्या भागात गोष्टींना तोटा नाही, फक्त त्या गुळगुळीत करून सांगू नयेत. टिळकांच्या शेंगांचंच घ्या. "मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी टरफलं उचलणार नाही" हे दर १ ऑगस्टला अर्धी शाळा म्हणते. एका वडिलांची तक्रार होती, पोरगा याच वाक्याच्या जोरावर घरातला कचरा उचलत नाही. मी म्हटलं, छान झालं, आता त्याला विचारा, टरफलं तशीच पडून राहिली तर झाडायला कोण येणार होतं? शाळेचा शिपाई. त्याने तरी कुठे शेंगा खाल्ल्या होत्या? पोरगा दोन दिवस विचार करत होता. उत्तर आलं नाही, पण केरसुणी हातात आली म्हणे.

भीमराव आंबेडकरांचं नाव साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० ला दाखल झालं, हे मुलांना विद्यार्थी दिवसामुळे माहीत असतं. त्यापुढची मसूरची गोष्ट सांगा. १९०१ मध्ये ते आणि घरातली मुलं वडिलांना भेटायला गोरेगावला निघाली. वडील तिथे, खटाव तालुक्यात, नोकरीला होते. मसूर स्टेशनवर उतरली, चांगले कपडे घातलेली पोरं. जात कळल्यावर बैलगाडी मिळेना. शेवटी एकजण दुप्पट भाड्यावर तयार झाला, तोही अशा अटीवर की गाडी मुलांनीच हाकायची आणि तो बाजूने चालणार. मसूर स्टेशन आजही आहे, पुणे-मिरज मार्गावर. गोष्ट सांगून झाली की एकच विचारा, "त्या गाडीवाल्याच्या जागी तू असतास तर?" बाबासाहेबांच्या जागी स्वतःला ठेवणं सोपं असतं. गाडीवाल्याच्या जागी बसून बघणं अवघड, आणि तिथेच मूल खरं विचार करू लागतं.

घरात आजी-आजोबांचं आणि आमचं पटत नाही. मुलाने कुणाचं ऐकायचं?

बारीकसारीक गोष्टींत आजीचं ऐकू द्या. नखं रात्री कापली काय नि सकाळी काय! प्रश्न येतो तो माणसाला कमी लेखण्याचा. धुणं-भांड्याच्या मावशींचा कप वेगळा, खिडकीत ठेवलेला. मूल विचारतं, "हा कप कुणाचा?" आणि सगळे एकमेकांकडे बघतात.

आजीशी भांडण नको, तोडगा काढा. एका सुनेने काहीच न बोलता घरातले सगळे कप एकसारखे आणले, सासूबाईंचासुद्धा. कोणता कुणाचा ते कळेचना. आणि आजीलाच गोष्ट सांगायला लावा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काल्यात रयत शिक्षण संस्था सुरू केली. १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग निघालं, तिथे सगळ्या जातींची पोरं एकत्र राहत, एका पंगतीला जेवत, कामं आपली आपण करत. पोरांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने काढून दिले, शेवटी मंगळसूत्रही. साताऱ्यातल्या कित्येक आज्या रयतच्या शाळेत शिकल्यात. नातवाला ही गोष्ट सांगताना खिडकीतला कप त्यांनाही दिसतो.

मोबाईलपुढे आमचं काही चालत नाही.

एकट्या घराचं चालत नाहीच. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव बघा. २०२२ पासून तिथे संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाईल बंद. मोठ्यांचेसुद्धा, हे महत्त्वाचं. अख्खं गाव जमत नसेल तर चार घरं जमवा. सात वाजता आपला फोन पिठाच्या डब्यावर उपडा ठेवायची तयारी असेल तरच पोराला सांगा.

आम्ही सांगलीचे. पुराच्या वेळी मुलीला मदतीला न्यावं का?

पाणी ओसरल्यावर, जरूर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा सत्तावन्न फुटांच्या वर गेली होती. तिथली धोक्याची पातळी पंचेचाळीस. तेव्हा दहा वर्षांची असलेली मुलं आज कॉलेजात आहेत, आणि माळ्यावर काढलेल्या रात्री, होडीतून आलेली पाण्याची बाटली त्यांना विसरता येत नाही. सांगलीच्या मुलांना मदत म्हणजे काय ते दोन्ही बाजूंनी माहीत आहे.

नेताना दोन पथ्यं. फोटो काढू नका. आणि घरात नको असलेलं देऊ नका. चेन तुटलेली दप्तरं, विटलेल्या साड्या दिल्याने मुलं फक्त कपाट रिकामं करायला शिकतात. मुलीला सांगा, तुला स्वतःला हवीशी वाटणारी एक वस्तू काढ. तिने तासभर लावला आणि शेवटी काहीच काढलं नाही, तरी रागावू नका. वहीच्या पुठ्ठ्यातला चिखल धुवायला तर ती येईल.

आमच्यापेक्षा वेगळंच मूल्य निघालं तर?

निघतंच. एका मराठमोळ्या घरातला सहावीतला मुलगा जत्रेच्या मटणाच्या पंगतीत उठून उभा राहिला. बोकडाला त्याने महिनाभर पाला घातला होता. "मी खाणार नाही." चुलते हसले, आजोबा चिडले, पाव्हण्यांत चर्चा. वडील माझ्याकडे आले, "बाई, याला कुणी शिकवलं?" कुणीच नाही. बोकडाने शिकवलं असेल.

मी वडिलांना म्हटलं, त्याला एकच अट घाला. तू खाऊ नकोस, पण खाणाऱ्यांना नावं ठेवायची नाहीत, आणि पंगतीत वाढायला यायचं. तो आला. भात आणि आमटी वाढत होता. पुढच्या वर्षी आजीने त्याच्यासाठी वेगळी वांग्याची भाजी केली. वर्षभराने तो परत मटण खायला लागला, हेही सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल तो संतच झाला. बोकडाला पाला घालायला मात्र तो पुन्हा गेला नाही.

नुकसान होणार नसेल तर अडवू नका. फटाके नकोत, वाढदिवसाला केक नको, मैत्रीण दुसऱ्या धर्माची आहे, यात अडवण्यासारखं काय आहे?

माफी मागायला लावावी का?

ओठांची माफी नको. ज्याचं नुकसान केलं त्याचं भरून द्यायला लावा. वही फाडली, तर नवीन वहीत धडा उतरवून दे. उतरवता उतरवता जे काय वाटायचं ते वाटतं.

घरी करता येईल असा एखादा खेळ?

नऊ-दहा वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी एक आहे. प्रत्येकाने आठ चिठ्ठ्या करायच्या आणि आपल्याला जे लागतंच ते एकेका चिठ्ठीवर लिहायचं. मित्र, खरं बोलणं, क्रिकेट, आजी, एकटं बसायला मिळणं, जिंकणं, काहीही. शब्द मुलांचेच हवेत, आपण सुचवायचे नाहीत. मग दोन चिठ्ठ्या टाकायच्या. मग आणखी दोन. मग एक. उरतात तीन. इथे पोरं घासाघीस करतात, रडकुंडीला येतात, "दोन जोडून एक केली तर चालेल का" विचारतात. आईवडिलांनीही खेळायचं, आणि आपल्या चिठ्ठ्या दाखवायच्या.

उरलेल्या तीन चिठ्ठ्या पाकिटात घालून तारीख टाकून ठेवा. वर्षाने पुन्हा खेळा आणि मगच पाकीट उघडा. माझ्याकडे अशी साठ-सत्तर पाकिटं आहेत, ट्रंकेत. सातवीतल्या एकाच्या पाकिटात दोनच चिठ्ठ्या निघाल्या. तिसरी कुठे, विचारलं, तर म्हणाला, "कोरी होती बाई, अजून ठरलं नव्हतं. हरवली." नवीन चिठ्ठी दिली. तीही त्याने कोरीच घडी घालून आत ठेवली.